वर्ट निववायचा घरगुती चिलर, आणि त्यानंतरची थंड पेटी

पातेल्यात नुकता उकळून झालेला वर्ट आहे, म्हणजे माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोड काढा, ज्याची पुढे बिअर होते. त्यात तांब्याच्या नळीची कॉइल, म्हणजेच चिलर, बुडवली आहे आणि तिच्या आतून पाणी सोडलं आहे. बाहेर जाणाऱ्या नळीला हात लावा. पहिलं मिनिटभर ती चटका देते, मग हळूहळू कोमट होते. वाटतं, झालं, निवला वर्ट. आता कॉइलचे दोन्ही दांडे कापडाने धरा आणि ती पातेल्यात इकडून तिकडे जरा हलवा. दोन-तीन सेकंदांत तीच नळी पुन्हा हाताला पोळते. वर्ट निवला नव्हताच. तांब्याला चिकटून असलेला पातळसा थर तेवढा निवला होता आणि बाकीचा सगळा वर्ट त्यामागे तसाच तापलेला होता.

माझी पहिली कॉइल तयार झाली तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. वर्ट लवकर निवत नाही म्हणून मी आणखी लांब नळी घ्यायला निघालो होतो. नळी किती लांब हवी, हे सगळेच विचारतात. पाणी किती थंड आहे आणि वर्ट हलतोय का, हे फार थोडे जण विचारतात. खरा वेळ वाचतो तो याच दोन गोष्टींत. म्हणून या लेखात कॉइल कशी वळायची ते सविस्तर आहेच, पण ती वापरायची कशी याला मी तेवढीच जागा देणार आहे.

घरी बिअर बनवण्याचा कायदा सगळीकडे सारखा नाही. आपल्याकडे परवानगी आहे ना, हे नळी कापण्याआधी बघून घ्या.

इतकी घाई कशासाठी

उकळत्या वर्टमध्ये बिअर बिघडवणारं काही जगत नाही. तो साठ अंशांच्या खाली उतरला की मात्र माल्टचा तो गोड काढा यीस्टइतकाच जिवाणूंनाही आवडतो. यीस्ट घालायचं तापमान एलसाठी (जरा उबेत आंबणारी बिअर) साधारण १८ ते २० अंश सेल्सियस, लागरसाठी (थंडाव्यात आंबणारी बिअर) १० ते १२. साठपासून तिथपर्यंतचा प्रवास जितका लांबेल तितका वेळ दार उघडं.

दुसरं कारण वासाचं. फिकट माल्टमध्ये असा एक घटक असतो की तो तापला की त्यापासून डायमिथाइल सल्फाइड बनतं. उकळताना ते वाफेबरोबर उडून जातं. आच बंद केल्यावरही गरम वर्टमध्ये ते तयार होत राहतं, पण आता उडून जायला उकळी नसते, म्हणून आतच राहतं. शिजलेल्या मक्यासारखा वास येणारी बिअर बहुधा अशीच रेंगाळलेली असते. बिअरला कडूपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांचं, हॉप्सचंही तसंच: वर्ट ऐंशीच्या वर असेपर्यंत कडूपणा वाढत जातो आणि शेवटच्या मिनिटाला सुगंधासाठी घातलेले हॉप्स आपला सुगंध गमावतात.

तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसते. वर्ट झपाट्याने निवला की त्यातली प्रथिनं एकत्र येऊन पांढरट चोथ्यासारखी तरंगू लागतात आणि मग तळाशी बसतात. बिअर स्वच्छ निघते ती यामुळे.

उष्णतेचा हिशेब

२० लिटर वर्ट १०० अंशांवरून २० अंशांवर आणायचा तर सुमारे ६,७०० किलोज्यूल उष्णता बाहेर काढावी लागते. जवळजवळ दोन युनिट वीज, आणि तीही वीस-पंचवीस मिनिटांत. घरातल्या फ्रिजला हे झेपणार नाही. गरम पातेलं फ्रिजमध्ये ठेवलं तर वर्ट निवायला रात्र जाते आणि आतले इतर पदार्थ मात्र तापतात.

आता नळाचं पाणी २८ अंशांचं आहे असं धरा. वर्ट १०० ला असताना दोघांतला फरक ७२ अंशांचा. वर्ट ४० वर आला की फरक १२ चा, ३० वर आला की अवघा २ चा. उष्णता वाहण्याचा वेग या फरकाच्या प्रमाणात असतो. १०० वरून ४० वर येताना फरक सहापटीने घटतो आणि ४० वरून ३० वर येतानाही सहापटीनेच. म्हणजे पहिले साठ अंश उतरायला जेवढा वेळ लागला, तेवढाच वेळ पुढचे फक्त दहा अंश उतरायला लागणार. आणि २८ च्या खाली तर हा चिलर वर्टला कधीच नेऊ शकणार नाही, मग तांबं शंभर मीटर असलं तरी.

यातून कामाची पद्धत ठरते. ४० पर्यंत नळाचं पाणी, तिथून पुढे बर्फाचं. नळाचं पाणी मुळातच १२-१५ अंशांचं असेल तर बर्फाचा टप्पा लागत नाही, एलपुरतं तेच भागतं.

काय काय लागेल

२० लिटर वर्टसाठी १२ मीटर मऊ तांब्याची नळी घ्या, बाहेरचा व्यास ९.५ मिलिमीटर, म्हणजे कारागिरांच्या भाषेत तीन सूत. जाडी ०.७ ते ०.८ मिलिमीटर. फ्रिज आणि एसीच्या कामाची नळी गोल गुंडाळीत मिळते, तीच हवी. सरळ दांड्याच्या रूपात मिळणारा कडक पाइप वळत नाही, मोडतो. नळाचं पाणी थंड असेल तर ८ मीटरही पुरतं. चार सुती नळीतून पाणी जास्त वाहतं, पण ती हाताने वळणं अवघड जातं. पहिल्या चिलरसाठी मी तीन सुतीच सुचवेन.

स्टेनलेस स्टीलची नळी चालेल का, असं बरेच जण विचारतात. तांब्याची उष्णतावाहकता स्टेनलेसच्या पंचवीसपट आहे. तरी भिंत इतकी पातळ असते की प्रत्यक्षात फरक त्यापेक्षा खूपच कमी जाणवतो, कारण खरा अडसर धातूचा नसून त्याला चिकटलेल्या स्थिर थराचा असतो. स्टील चालतं, सांभाळायलाही सोपं असतं. पण हाताने वळायला तांब्यासारखा धातू नाही.

बाकी सामान: पाइप कटर (करवतीने कापलं तर आतल्या बाजूला बुरा राहतो), बारीक कानस, तीन सुती नळीवर बसणारी बेंडिंग स्प्रिंग, ८ मिलिमीटर आतला व्यास असलेली सिलिकॉनची नळी ४-५ मीटर, चार होज क्लिपा, नळाला जोडायचा अडॅप्टर, आणि बांधायला दोन-तीन मीटर उघडी एकपदरी तांब्याची तार. विजेच्या वायरवरचं प्लास्टिक सोलून काढलेली तार चांगली चालते. जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी तार मात्र वापरू नका. वर्ट आंबट असतो आणि त्यात जस्त उतरतं. बाहेर पडणाऱ्या पाण्यासाठी साधी पारदर्शक प्लास्टिकची नळीही टाळा. उकळत्या वर्टमधून आलेल्या पाण्याने ती मऊ पडते आणि नेमकी भर कामात निसटते.

कॉइल वळताना

आधी पातेलं मोजा. माझं आतून ३५ सेंटिमीटर रुंद आहे. त्यात २० लिटर वर्ट सुमारे २१ सेंटिमीटर उंच उभा राहतो. कॉइलचा व्यास २५ सेंटिमीटर ठेवला की भोवती पाचेक सेंटिमीटर मोकळं राहतं आणि मधूनही पळी फिरते. एका वेटोळ्याला सुमारे ७९ सेंटिमीटर नळी लागते. दोन्ही टोकांच्या दांड्यांसाठी दीड मीटर बाजूला काढलं तर साडेदहा मीटर उरते आणि तिची १३ वेटोळी होतात. दोन वेटोळ्यांत पाचेक मिलिमीटर फट ठेवली की कॉइल २० सेंटिमीटरच्या आसपास उंच होते, म्हणजे बेताने वर्टमध्ये बुडते. तुमचं पातेलं वेगळं असेल तर हाच हिशेब त्याच्या मापाने करा. वरची वेटोळी वर्टच्या बाहेर राहिली तर तेवढं तांबं फुकट गेलं.

गुंडाळायला एखादा भक्कम गोल डबा किंवा पातेलं शोधा, हव्या त्या मापापेक्षा सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर लहान; सोडल्यावर नळी थोडी उलगडते. वरच्या दांड्यासाठी ६० सेंटिमीटर नळी मोकळी सोडा आणि तिथून सुरुवात करा. खालच्या टोकाला ९० ठेवा, कारण त्याला तळापासून वर चढून यायचं आहे.

नळी डब्याभोवती ओढू नका. इथेच बहुतेकांची नळी चेपते. गुंडाळी जमिनीवर उभी धरून थोडीथोडी उलगडत जा आणि डबा तिच्या अंगावर लोळवत न्या, जणू चाक रस्त्यावरून चाललं आहे. बोटांनी न दाबता पूर्ण तळव्याने दाबा. एका वेळी वीतभरच. तांब्याची एक खोड लक्षात ठेवा: ते जितकं वाकवाल तितकं कडक होतं. पहिल्यांदा लोण्यासारखं वळतं, तेच सरळ करून पुन्हा वळायला गेलात तर हट्ट करतं आणि तिसऱ्यांदा चेपतं. म्हणून प्रत्येक वळण आधी डोळ्यांसमोर आणा आणि एकदाच द्या. एखादी जागा किंचित चपटी झालीच तर पक्कडीत कापड धरून चपट्या कडा हलकेच दाबा, बरीचशी गोलाई परत येते. पूर्ण मुरगळली असेल तर तिथे पाणी अडणारच. तेवढा तुकडा कापून काढा आणि आखूड कॉइलवर समाधान माना. जोड देऊन तो वर्टमध्ये बुडवणं मला पटत नाही.

तेरा वेटोळी झाली की खालचं टोक कॉइलच्या बाहेरच्या अंगाने सरळ वर आणा. मधून आणलं तर हलवताना पळी त्यावर आपटत राहते. या कोपऱ्यावर आणि दांड्यांच्या वळणांवर बेंडिंग स्प्रिंग हवीच. ती नळीवर चढवा, वळणाच्या जागी आणा, गुडघ्यावर टेकवून सावकाश वाकवा, मग स्प्रिंग थोडी पिळून काढून घ्या. वळणाची त्रिज्या चार-पाच सेंटिमीटरपेक्षा कमी नको. स्प्रिंग नसेल तर नळीच्या त्या टोकात बारीक कोरडं मीठ ठासून भरा, तोंड टेपने बंद करा आणि मग वाकवा. आत मीठ असल्याने भिंत खचत नाही. वाळूपेक्षा मीठ बरं, कारण ते पाण्याने विरघळून निघून जातं. मात्र लगेच आणि भरपूर पाणी सोडून धुवा, मीठ तांब्याला खातं.

आता दांड्यांचा आकार, आणि इथे मी ठाम आहे. दोन्ही दांडे पातेल्याच्या काठाच्या तीनेक सेंटिमीटर वर आले की काटकोनात बाहेर वळवा, काठापलीकडे आठ-दहा सेंटिमीटर जाऊ द्या आणि तिथून खाली वाकवा. सिलिकॉन नळीचा जोड काठाच्या बाहेर आणि काठाच्या खालीच आला पाहिजे. माझ्या पहिल्या कॉइलचे दांडे सरळ वर होते आणि क्लिपा बरोबर पातेल्याच्या डोक्यावर. एका क्लिपमधून पाणी झिरपत होतं, दांड्यावरून ओघळून निवत्या वर्टमध्ये पडत होतं, आणि मला ते दिसलं तेव्हा वर्ट पस्तीस अंशांवर होता. तिसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर आंबूस वास. वीस लिटर ओतून द्यावी लागली. तेव्हापासून पातेल्याच्या वर मी एकही जोड ठेवलेला नाही.

शेवटी बांधणी. तारेचा एक पदर सगळ्यात खालच्या वेटोळ्याला अडकवा आणि प्रत्येक वेटोळ्याभोवती एक पिळा देत वर या. त्या पिळ्यानेच दोन वेटोळ्यांतली फट टिकते. अशा तीन उभ्या ओळी समान अंतरावर घाला आणि त्यातली एक चढत्या दांड्यासकट बांधा. तारेची टोकं आत दुमडा. ती टोचतात आणि पातेल्याला ओरखडे काढतात.

गळती आणि स्वच्छता

सिलिकॉन नळ्या कोमट पाण्यात भिजवल्या की दांड्यावर सहज चढतात. तीनेक सेंटिमीटर आत जाऊ द्या आणि क्लिप आवळा. आता कॉइल पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवा, एक नळी चिमटीत बंद करा आणि दुसरीतून जोरात फुंका. बुडबुडा कुठून येतो ते दिसेल. त्यानंतर कोरडी करून पूर्ण दाबाने दहा मिनिटं पाणी सोडा आणि प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू कागद लावून बघा. कागद ओला झाला तर क्लिप पुन्हा बसवा.

नव्या नळीला तेलाचा अंश असतो. भांडी घासायच्या साबणाने गरम पाण्यात कॉइल नीट धुवा, मग पाणी आणि पांढरं व्हिनेगर समप्रमाणात घेऊन त्यात पंधरा मिनिटं बुडवा. तांबं चकचकीत होईल. पुढेही प्रत्येक वेळी वापरून झाली की लगेच धुवा, आत फुंकून पाणी काढा आणि पूर्ण कोरडी करून ठेवा. तपकिरी झाक आली तर घाबरायचं कारण नाही. हिरवा कळंक मात्र विषारी असतो. तो कुठेही दिसला तर व्हिनेगरने पूर्ण निघेपर्यंत कॉइल वर्टमध्ये घालू नका. क्लोरीनच्या ब्लीचमध्ये तांबं बुडवू नका, काळं पडतं आणि झिजतं.

प्रत्यक्ष निववताना

उकळ संपायला पंधरा मिनिटं असताना धुतलेली कॉइल वर्टमध्ये सोडा. उकळी क्षणभर बसते, मग परत येते. उरलेल्या वेळात कॉइल आपोआप निर्जंतुक होते. १२ मीटर नळी वर्टची पातळी एका लिटरपेक्षा थोडी कमी, पण जाणवेल इतकी वर उचलते, म्हणून पातेलं काठोकाठ भरलेलं असेल तर ऊतू जाण्यापासून सांभाळा. नळ्या आधीच जोडलेल्या असाव्यात, पण आचेपासून लांब वळवलेल्या. कॉइलमध्ये थोडं पाणी उरलं असेल तर ते उकळून वाफ बाहेर फेकतं, तेव्हा नळीच्या तोंडाशी कुणी उभं राहू नये.

आच बंद करा आणि पाणी सोडा. बाहेर पडणारं पहिलं पाणी सत्तर अंशांच्या पुढे असू शकतं. ते थेट बादलीत जाऊ द्या आणि नळी बादलीला बांधून ठेवा, सुटी नळी दाबाने वळवळते. हेच गरम पाणी पुढे भांडी घासायला कामी येतं. २८ अंशांच्या पाण्याने वर्ट ४० वर आणायला साठ-सत्तर लिटर पाणी जातं, ते साठवायची सोय आधी करा.

आणि हलवत राहा. सुरुवातीच्या वर्णनातली ती पोळणारी नळी आठवा. कॉइलच वरखाली आणि गोल फिरवा किंवा निर्जंतुक केलेल्या लांब पळीने वर्ट कॉइलच्या उलट दिशेला ढवळा. सतत ढवळणं आणि नुसतं ठेवून देणं यात वेळ निम्म्यावर येतो, असा माझा अनुभव आहे. पाणी वरच्या टोकातून द्यावं की खालच्या, यावर लोक वाद घालतात. वर्ट हलत असेल तर काही फरक पडत नाही. तापमान साठच्या खाली गेलं की पातेल्यावर झाकण आडवं ठेवा, दांड्यांपुरती फट राहू द्या, आणि आत जाणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक करूनच घाला.

वर्ट ४० वर आला की नळ बंद करा आणि बर्फाकडे वळा. एका टबात दहा लिटर पाणी आणि बर्फ, त्यात फिश टँकसाठी मिळतो तसा छोटा बुडता पंप. पंपाची नळी कॉइलच्या एका दांड्याला, दुसऱ्या दांड्याची नळी परत टबात. ४० वरून २० वर यायला १,६७० किलोज्यूल काढायचे आहेत. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल घेतो आणि ते पाणी दहा अंशांपर्यंत तापताना आणखी ४२. म्हणजे साडेचार किलो बर्फ. टबाची हवा आणि सुरुवातीचं कोमट पाणी धरून आठ किलो ठेवा. हेच काम १०० अंशांपासून बर्फावर सोपवलं असतं तर अठरा किलो लागला असता, शिवाय तापलेल्या परतीच्या पाण्याने पंपही खराब झाला असता. बर्फाची लादी असेल तर फोडून घाला. अख्खी लादी टबात तरंगत राहते आणि पंप भोवतीचं कोमट पाणीच ओढतो.

पंपाची वायर प्लगकडे जाताना मध्ये खाली झोल येईल अशी सोडा, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी प्लगपर्यंत न जाता झोलावरूनच ठिबकतं. जोडणी आरसीसीबी (वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच) बसवलेल्या सॉकेटलाच करा. ओल्या हाताने पंपाला स्पर्श करण्याआधी प्लग काढा.

२० अंश दिसले की कॉइल हलकेच उचला, वर्टला एक गोल भोवरा द्या आणि वीस मिनिटं झाकून ठेवा. चोथा मध्यभागी ढिगासारखा बसतो. वरचा स्वच्छ वर्ट बाजूने सायफनने फर्मेंटरमध्ये, म्हणजे बिअर आंबवायच्या भांड्यात, घ्या.

नळीत नळी घालून बनवलेला काउंटरफ्लो चिलरही घरी करता येतो: तांब्याची नळी बागेच्या होजमधून ओवायची, दोन्ही टोकांना टी (तीन तोंडांचे जोड) बसवायचे, आतून वर्ट आणि बाहेरून उलट दिशेने पाणी. तो पाणी कमी घेतो. पण त्यात वर्ट नळीच्या आतून जातो आणि आत काय साचलं आहे ते दिसत नाही. प्रत्येक वेळी गरम पाण्याने उलट-सुलट धुण्याची शिस्त अंगी लागली असेल तरच त्याच्या वाटेला जा.

यीस्ट घातल्यानंतर

बव्हेरियात १५५३ साली उन्हाळ्यात बिअर बनवायलाच बंदी घातली गेली. २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर, गरमीतली बिअर बिघडते म्हणून. वर्ट नीट निववला तरी आंबताना तो पुन्हा तापतो, हे तेव्हाही लोकांना सोसावं लागत होतं. १.०५० घनतेच्या २० लिटर वर्टमधली साखर आंबताना सुमारे ९५० किलोज्यूल उष्णता निघते. ती सगळी आतच राहिली तर बिअर दहा-अकरा अंशांनी तापेल. अशा तापलेल्या यीस्टमधून उग्र, डोकं धरणारे अल्कोहोल आणि पिकल्या फळांसारखे भलते वास येतात.

हवा कोरडी असेल तर सगळ्यात सोपा उपाय ओल्या कापडाचा. फर्मेंटर उथळ परातीत ठेवा, परातीत पाणी घाला, सुती कापड असं गुंडाळा की त्याचं टोक पाण्यात राहील, आणि पंखा लावा. एक लिटर पाणी वाफ होताना २,४०० किलोज्यूल घेऊन जातं, म्हणजे वर सांगितलेल्या उष्णतेच्या अडीचपट. दमट हवेत मात्र कापड नुसतं ओलं राहतं, तिथे पेटीच हवी.

पेटी थर्माकोलच्या जाड पत्र्यांची. बाहेर ३० अंश, आत १८, पेटी ६० बाय ६० सेंटिमीटर आणि उंची ९०. पत्रा ५ सेंटिमीटर जाड असेल तर भिंतींतून दिवसाला सुमारे २,१०० किलोज्यूल आत शिरतात, म्हणजे रोज पाच किलो बर्फ. यीस्टची उष्णता ऐन भरात असतानाही दिवसाला किलोभर बर्फाहून जास्त मागत नाही. पत्रा १० सेंटिमीटरचा केला की भिंतीचा वाटा निम्मा होतो. म्हणून पैसे वाचवायचेच तर तापमान बघून पंखा चालू-बंद करणाऱ्या कंट्रोलरवर वाचवा, जाडीवर नको. पत्रे जोडायला पाण्यात विरघळणारा गोंद घ्या. सॉल्व्हंटवाला चिकटवला की थर्माकोल डोळ्यांदेखत विरघळून भोक पडतं. सांधे रुंद टेपने बंद करा, दाराला फोमची पट्टी लावा.

आत एक आडपडदा घालून दोन कप्पे करा: एकात फर्मेंटर, दुसऱ्यात गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या. पडद्यात खाली कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा बसवा, तो बर्फाकडची हवा फर्मेंटरकडे ढकलेल; वर एक भोक ठेवा, तिथून गरम हवा परत जाईल. पंखा कंट्रोलरवर चालवा, चालू आणि बंद होण्याच्या तापमानांत फरक अर्धा ते एक अंश ठेवा. कंट्रोलरचा सेन्सर हवेत लटकवू नका. तो फर्मेंटरच्या अंगाला टेपने चिकटवा आणि वरून फोमचा तुकडा दाबून बांधा, म्हणजे तो बिअरचं तापमान सांगेल. हवेत लटकता सेन्सर दार उघडलं की गोंधळतो आणि बिअर मात्र आतून तापत राहते.

दोन लिटरच्या बाटलीत १.८ लिटरच पाणी भरा, गोठताना ते नऊ टक्के फुगतं. बाटल्यांखाली ताट ठेवा, बाहेरून दव सुटतं. पेटी हवेशीर खोलीत ठेवा. एका फर्मेंटेशनमध्ये चारशे लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. बाटल्यांचे दोन संच करा, एक पेटीत आणि एक फ्रीझरमध्ये, आणि पहिले तीन-चार दिवस सकाळ-संध्याकाळ अदलाबदल करा. उधाण ओसरलं, एअरलॉकचे (वायू बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न येऊ देणाऱ्या झडपेचे) बुडबुडे मंदावले की दिवसातून एकदाच बदलल्या तरी चालतं.